दहा लिटरची रेघ

"उभ्याने बघायचं नाही. उभ्याने बघितलं की रेघ खोटं बोलते," सिस्टर म्हणाल्या. "खाली बसा. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणा."

पाचही जणी फरशीवर बसल्या. गुडघे कुरकुरले. दवाखान्यात सफाईला लागून त्यांचा चौथाच दिवस होता, आणि 'मावशी' अशी हाक आली की पाचही माना वळायच्या. म्हणून सगळ्यात वयस्कर होती तिला सिस्टर मोठी मावशी म्हणत. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिच्यासाठीच सिस्टरनी लेकीचं लाल नेलपॉलिश आणून पाचही बादल्यांवर आतून रेघा ओढल्या होत्या.

"रेघेपर्यंत दहा लिटर पाणी. मग हे एवढं एक माप औषध. पाणी जास्त झालं तर?"

"जंतू आंघोळ करून निघतील," मोठी मावशी म्हणाली.

सगळ्या हसत असतानाच सुपरवायझर दारात येऊन उभा राहिला.

"अर्ध्या बादल्या कुणासाठी ठेवल्यात? काठोकाठ भरा. औषध महिनाभर पुरवायचंय."

"त्याने ते पातळ होतं," सिस्टर म्हणाल्या. "बादल्या बाळांच्या वॉर्डात जाणार आहेत. दीड-दीड किलोची बाळं आहेत तिथे."

"वास येतो ना? मग झालं."

"वासाने जंतू मरत असते, तर तुमच्या सेंटने एव्हाना अख्खी इमारत साफ झाली असती."

कुणीतरी फिसकन हसलं. सुपरवायझरने फळीवरची स्पिरिटची बाटली घेतली, कापसाचा बोळा केला, आणि पाचही रेघा स्वतःच्या हाताने पुसल्या. "अर्ध्या तासात येतो. जिला जमत नसेल तिने उद्यापासून घरी बसायचं."

तो गेला. बादल्यांना आतून गुलाबी डाग तेवढे राहिले.

"मी वर जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलते," सिस्टर म्हणाल्या.

"बोला की. पण तुम्ही खाली येईपर्यंत वॉर्ड पुसून वाळलेला असेल." मोठी मावशी उठली. कोपऱ्यात मॉपचा मोडका लोखंडी दांडा पडला होता, आतून पोकळ. तो तिने उचलला आणि त्याचं टोक चहाच्या गॅसवर धरलं. "पुसता येईल अशी खूण करायचीच कशाला?"

सिस्टरनी जाऊन दाराला कडी घातली, दांडा स्वतःच्या हातात घेतला आणि मोठ्या मावशीच्या हातात लिटरचं माप दिलं.

"आधी मोजा."

बोटं मुडपत मोठ्या मावशीने दहा मापं ओतली. खाली बसली. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणला, नखाने खूण केली आणि पाणी दुसऱ्या बादलीत ओतलं.

"भोकाची खालची कड खुणेवर आली पाहिजे," सिस्टर म्हणाल्या. "मधोमध नको. अर्धा लिटर चुकेल."

प्लास्टिक चुरचुरलं. खोलीभर उग्र धूर झाला. पाचव्या बादलीची खूण मोठ्या मावशीने सिस्टरना काही न विचारता केली.

सुपरवायझर आला तेव्हा बादल्या ओळीने मांडलेल्या होत्या. पाणी जिथल्या तिथे, दहा लिटर. शेजारी औषधाची पाच मापं भरून तयार.

"मी काय सांगितलं होतं?"

तो तणतणत पुढे झाला, नळाचा पाइप पहिल्या बादलीत सोडला आणि नळ पूर्ण उघडला. पाणी बोटभर चढलं आणि भोकातून जाड धार त्याच्या बुटांवर पडली. त्याने पाइप दुसऱ्या बादलीत घातला. मग तिसरीत. तिथेही तीच धार.

"हे काय आहे?"

"बादली तेवढंच घेते, साहेब," मोठी मावशी म्हणाली.

"कुणी केलं हे? मावशी!"

पाच माना वळल्या. मग, जरा थांबून, सिस्टरनीही मान वळवली. "काय, साहेब?"

तो एकेकीकडे बघत राहिला. पाणी त्याच्या बुटांभोवती पसरत होतं. मोठ्या मावशीने नळ बंद केला, नवा मॉप घेतला आणि त्याच्यापुढे येऊन उभी राहिली.

"पाय उचला, साहेब. पुसून घेते."