पांढरा ओटा

धाकट्या जावेच्या, सायलीच्या, गंगापूर रोडवरच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती आणि मोहिनी सकाळपासून त्या मेल्या ओट्याचंच कौतुक ऐकत होती. जी ती बाई स्वयंपाकघरात डोकावून म्हणायची, "अगंबाई, दूधच गोठवून बसवलंय जणू!" त्यावर सायलीचं ठरलेलं, "सुतार, रंगारी, सगळ्यांपासून जिवापाड जपलाय हो."

पिंपळगावच्या घरी मोहिनीने लग्न झाल्यापासून काळ्या कडप्प्यावरच भाकऱ्या थापल्या होत्या. त्यावर डाग दिसत नाही, आणि तो बघायलाही कुणी येत नाही.

पूजेसाठी हळद कालवायचं काम तिने आपणहून मागून घेतलं. सगळ्या आरतीला बाहेर गेल्या आणि वाटी कलंडली. पिवळाधमक ओघळ पांढऱ्या दगडावरून पार कडेपर्यंत गेला. मोहिनीने फडक्याला हात लावला नाही. हळद चांगली मुरू दिली, आरती संपू दिली, आणि मगच हाक मारली.

"सायली, अगं धक्का लागला गं वाटीला! लय वाईट झालं. हळदीचा डाग तो, आता कसला निघतोय!"

सायली आली. तिने ओट्याच्या कोपऱ्यात नख घातलं आणि काचेसारखा पातळ प्लास्टिकचा कागद हळदीसकट सोलून काढला. खाली ओटा तसाच, दुधासारखा.

"बाकी घरातलं प्लास्टिक कामगार गेले त्या दिवशीच काढलं, ताई," कागदाची गुंडाळी करत ती म्हणाली. "ओट्यावरचं तेवढं म्हटलं, तुम्ही येऊन जाईपर्यंत राहू द्यावं."