डाव्या हाताची गाठ

निशानं ओढणी काढली आणि वडिलांचा डावा, धडधाकट हात मनगटापाशी खाटेला बांधला.

"बापाचा हात बांधतीस?" मीनाबाई जेवणाचं ताट घेऊन दारातच थांबल्या.

अण्णासो बावड्याच्या कारखान्यात फिटर होते. अर्धांगवायूनं उजवा हात लुळा पडला, त्याला तीन महिने झाले होते. हातात थोडा जीव होता, बोटं हलायची. पण हलवायची वेळच येत नव्हती. डाव्यानं भागायचं, आणि डाव्याला जमत नसे ते मीनाबाई करायच्या. घास भरवायच्या, बटणं लावायच्या, त्यांचं अडखळलेलं वाक्यसुद्धा पुरं करून टाकायच्या.

निशाला एका जागी बसवेना. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती दोन वर्षं उंदरांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली बघत होती. खोलीत येरझाऱ्या घालतच तिनं आईला सांगितलं, की मेंदूत काम करणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना सांभाळणाऱ्याही असतात. पिंजऱ्यात चाक, शिडी मिळालेल्या उंदरांच्या मेंदूत या सांभाळणाऱ्या पेशी फांद्या पसरून कामाच्या जागेला बिलगतात. ज्यांच्या पिंजऱ्यात असं काहीच नसतं, त्या उंदरांत त्या खुरटलेल्याच दिसतात. मेलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांचं म्हणणं तिला मान्य होतं. प्रश्न उरलेल्याचा होता.

"कामच दिलं न्हाई, तर त्या तरी कशापायी पसरतील?"

मीनाबाईंनी ताट खाली ठेवलं नाही. अण्णासोंच्या मांडीवर ठेवलं. उजवा हात ताटाच्या कडेपर्यंत सरपटत गेला, आमटीत बुडाला, तिथंच थांबला. अण्णासोंच्या कपाळावर घाम आला. मीनाबाईंचा हात आपसूक भाकरीकडं गेला. निशानं तो धरला. पुन्हा गेला, पुन्हा धरला.

मग मीनाबाईंनीच दोन्ही हात लेकीपुढं केले.

"माजंबी बांध. मला न्हाई ऱ्हावत."

निशा घुटमळली. दोरीवरचा पंचा ओढून तिनं आईच्या मनगटांना सैलशी गाठ मारली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

बऱ्याच वेळानं न राहवून तिनं वळून पाहिलं. भाकरी तशीच होती. अण्णासोंची आमटीनं माखलेली उजवी बोटं थरथरत मीनाबाईंच्या मनगटावर आली होती, आणि पंच्याची गाठ सोडवू बघत होती.