एक वीत डावीकडे

बाबांनी होडीच्या मागच्या फळीवर खडूने फुली मारली. फुली मध्यावर नव्हती.

लेकीने पट्टी लावून पाहिलं. मध्यरेषेपासून चांगली एक वीत डावीकडे. त्या फुलीवर भोक पडणार, भोकातून पाण्यातल्या पंख्याचा दांडा जाणार आणि दांड्याच्या आतल्या टोकाला नवं इंजिन बसणार. भोक म्हणजे काही पेन्सिलीची रेघ नव्हे, पुसली आणि पुन्हा काढली.

“बाबा, होडी कलेल.”

“जुनंही मध्यावर नव्हतं,” बाबा म्हणाले.

ते खरं होतं. कुजलेली जुनी फळी तिनेच काढली होती. तिच्यावरचं भोक चार बोटं डावीकडे होतं. तिला वाटलं होतं, तरुणपणी बाबांचा हात चुकला असेल. आता तीच चूक ते वीतभर करायला निघाले होते.

तिने पॉलिशपेपरच्या मागच्या बाजूला हिशेब मांडला. इंजिन एकशे साठ किलो, मध्यापासून एक वीत डावीकडे. होडी सरळ राहायला उजव्या बाकावर, मध्यापासून दोन फुटांवर, साठ किलो हवेत. तीस-तीस किलोची वाळूची दोन पोती ठेवू, असं तिने सुचवलं. बाबांनी मान हलवली. तिथे काही ठेवायचं नाही, ती जागा मोकळी हवी. का, ते सांगितलं नाही. बाबांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला बोल्ट सोडवणं. तेल घाला, वाट पाहा, बोल्ट आपला जागच्या जागी.

शेवटी तिने फुलीवर भोक पाडलं. होडी त्यांची होती.

आठ महिने काम चाललं, पण आईने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. डबा बाहेरच्या खुंटीला अडकवायची आणि मागे फिरायची. होडीला ती सवत म्हणायची. लग्नानंतर पहिली दोन वर्षं ती रोज त्या होडीतून नवऱ्याबरोबर पलीकडच्या काठावर भाजी विकायला जायची. मग लेक झाली, तिचं जाणं सुटलं. बाबा मात्र होडीतच राहायला गेल्यासारखे वागू लागले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिलाच घासत, तिलाच रंगवत. होडी जुनी होऊन शेडमध्ये पडली तेव्हा आईला वाटलं, सुटले. तर आता हा नवा संसार.

त्यात भोक पाडायच्या आदल्या आठवड्यात दवाखान्यात एक प्रकार घडला. आई वजनाच्या काट्यावर उभी होती आणि बाबा वाकून आकडा बघत होते. तेही चष्मा लावून. घरी आल्यावर तिने लेकीजवळ मन मोकळं केलं. “तीस वर्षांत कशी आहेस म्हणून विचारलं नाही, आणि आज वजन बघतात. काय, विकायला काढलंय मला?”

होडी पाण्यात उतरवायच्या दिवशी ये, असा निरोप बाबांनी लेकीकरवी पाठवला. सवतीच्या घरी मी पाऊल ठेवायची नाही, असं उत्तर आलं. ते ऐकून बाबा बराच वेळ एकच स्क्रू पिळत बसले.

पहिले तीन दिवस होडी नुसती धक्क्याला बांधून ठेवली. सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, फटी मिटल्या. चौथ्या सकाळी आतलं पाणी उपसून लेकीने इंजिन सुरू केलं. पहिल्यांदा ते नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा धरलं. बाबा मधोमध सुकाणूपाशी बसले.

होडी डावीकडे कलली होती. धक्क्यावरून सगळ्यांना दिसेल इतकी. तिने आडव्या फळीवर पाणसळ ठेवली. आतला बुडबुडा थेट उजव्या टोकाला जाऊन चिकटला.

धक्क्यावर उभा असलेला फिटर म्हणाला, “नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकून होतो. इथं अंगण सपाट आहे हो, नाचच वाकडा.”

चार जण हसले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आणू का पोती, असं तिने हळूच विचारलं. बाबांचं लक्षच नव्हतं. ते धक्क्याच्या पायऱ्यांकडे बघत होते.

पायऱ्यांवर आई उभी होती. हातात डबा. विसरला होतात म्हणून आणला, ती कोणाकडेच न बघता म्हणाली.

बाबा उठले. काळा झालेला हात त्यांनी पँटला पुसला, तरी तो काळाच राहिला. तोच पुढे केला.

“ये. तुझी जागा मोकळी ठेवलीय.”

आईने आधी त्या हाताकडे पाहिलं, मग होडीकडे. डबा लेकीकडे दिला आणि हात धरून ती आत उतरली. कुठे बसू, असं तिने विचारलं नाही. पाय आपोआप उजव्या बाकाकडे वळले.

लेक पाणसळीकडे बघत होती. बुडबुडा सुटला. सरकत सरकत दोन रेघांच्या मध्ये आला आणि थांबला.

साठ किलो. दोन फूट.

मग तिला जुनी फळी आठवली. जुनं इंजिन म्हणजे तीनशे वीस किलोचं धूड, चार बोटं डावीकडे. तिने मनातल्या मनात भागाकार केला. चाळीस किलो. तिने पुन्हा केला. चाळीसच. घरातल्या लग्नाच्या फोटोतली आई अशीच, काडीसारखी होती.

“अशी काय बघतेस? जड झाले का मी?” आईने विचारलं.

लेकीने पाणसळ तिच्यापुढे धरली, आणि मग पॉलिशपेपरवरचा तो हिशेब. आईने त्या साठच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“अहो,” ती म्हणाली, “म्हणजे त्या दिवशी दवाखान्यात, काट्यावर...”

बाबांनी दोर सोडला.

“भोक अंदाजाने पाडत नाहीत,” ते म्हणाले.