एकशे ऐंशी अंशांवर

जाड काचेआडच्या तेलात बुडबुडे उठले तेव्हा तापमान एकशे ऐंशी होतं. संगणकाचं भाकीत दोनशे दहा. प्रयोगशाळेतल्या संशोधक मुलीने आकडा पुन्हा वाचला. तेलविहिरीतलं घट्ट तेल पातळ करायला दहा वाजता वाफ सोडणार होते. दाब तिच्याच गणितावर ठरला होता. ते चुकलं तर नळी फुटून माणसं भाजणार. “थर्मामीटर बिघडला असेल,” प्रयोगशाळेचे प्रमुख सर हसले. “संगणकापेक्षा तुझे डोळे शहाणे का?” “सर, आधीच्या नमुन्याची बाटली मी उघडी ठेवली होती. तिच्यातल्या तेलातला वायू उडाला. संगणकाला त्याच शिळ्या तेलाचे आकडे दिले.” “हे बाहेर बोललीस तर नोकरी विसर.” दहा वाजायला चार मिनिटं होती. तिने विहिरीवर फोन लावला. “मुकादमकाका, वाफ सोडू नका.” “साहेबांचा हुकूम आहे?” “नाही. माझी चूक आहे.” पलीकडे मुकादम ओरडला, “हात काढा रे व्हॉल्व्हवरून!”