खुर्चीतला हिरवा शर्ट

“रोज बघतेय मी, सोमनाथभाऊ! बाईमाणूस इथं धुणं धुतंय आणि तुम्ही कॅमेरा रोखून बसलाय. लाज कशी वाटत नाही?”

भिंतीपलीकडच्या परसात, जास्वंदीखाली खुर्ची टाकून बसलेल्या माणसाने मानसुद्धा वळवली नाही. हिरवा शर्ट, डोळ्यांवर ओढलेली टोपी, मांडीवर काळा कॅमेरा. सरिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने साबणाच्या पाण्याची बादली उचलली आणि भिंतीवरून सरळ त्याच्या अंगावर ओतली.

टोपी खाली पडली. टोपीखाली डोकं नव्हतं, गोणपाटाचं गाठोडं होतं, आणि शर्टात नुसता पेंढा. कॅमेरा म्हणजे काळा रंग फासलेला पत्र्याचा डबा होता.

आरडाओरडा ऐकून इंदिरानगरातली ती अख्खी गल्ली गोळा झाली. सोमनाथ घरातून धावत आला. मनमाडला रेल्वेत होता तो. छातीच्या दुखण्याने लवकर निवृत्ती घेतलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

“अहो वहिनी, हे बुजगावणं आहे,” तो म्हणाला.

“बुजगावण्यानं पाखरं पळतात,” समोरच्या गच्चीतून लंकाबाईंनी विचारलं. “तुमचं हे काय उलटंच?”

“उलटंच आहे, मावशी. माझ्याकडे ही एवढीशी पन्नास एमएमची लेन्स. स्वस्तातली. लांबचं पाखरू तिच्यात मुंगीएवढं येतं. पूर्वी डोंगरात फिरायचो, डॉक्टरांनी तेही बंद केलं. आता पाखरांनीच हाताच्या अंतरावर यायला हवं ना? त्यांना या खुर्चीतल्या माणसाची सवय झाली, की एक दिवस मीच हे कपडे घालून इथं बसणार.”

“पण माझ्या मोरीकडं तोंड कशाला?” सरिताने विचारलं, पण आवाजातला जोर गेला होता.

“जास्वंद तिकडंच आहे, वहिनी. आणि मध प्यायला शिंजीर जास्वंदीवरच येतो.” मग तोच ओशाळला. “तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चुकलंच माझं.”

चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने निथळतं बुजगावणं लेकरासारखं उचललं. “खुर्ची रिकामी ठेवून चालायचं नाही,” तो पुटपुटला. “सवय मोडली की परत पहिल्यापासून सगळं.”

मग काय, गल्लीला विषयच मिळाला. भाजीच्या गाडीवर लंकाबाईंनी विचारलं, “काय गं सरिता, आज कुणाला आंघोळ?” नवरा किशोर जेवता जेवता मध्येच फिसकन हसला आणि त्याला ठसका लागला. सरिताने ताट बाजूला सारलं. एका भल्या माणसाला आपण चारचौघांत नाही नाही ते बोललो, हे आठवलं की तिला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. त्यात त्याची बायको, उज्वला, बहिणीच्या बाळंतपणाला मनमाडला गेलेली. ती आली की गल्ली तिला तिखटमीठ लावून सांगणारच. त्याआधी जाऊन माफी मागायला हवी होती. पण कुठल्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भिंतीवरून चोरून पाहिलं. खुर्चीत हिरवा शर्ट परत बसला होता, टोपी नाकापर्यंत ओढलेली.

“बसवलं वाटतं परत,” ती पुटपुटली. त्याला तोंड द्यावं लागणार नाही, म्हणून तिला हायसंच वाटलं. ती पाठ करून धुणं धुवायला बसली.

निम्मं धुणं झालं असेल, तेवढ्यात पलीकडून खाकरल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. तिने वळून पाहिलं. हिरवा शर्ट एका अंगाला कलला होता. एक बाही खुर्चीबाहेर लोंबत होती.

“भाऊ...” तिच्या तोंडून निघालंच.

समोरच्या गच्चीत लंकाबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. “काय गं, परत बोलायला लागलीस का त्याच्याशी?”

सरिताचे कान तापले. परत शोभा? गल्ली वर्षभर पुरवून पुरवून हसली असती. “नाही हो,” ती म्हणाली. “ओल्या पेंढ्यानं झुकलंय ते.” आणि तिने मान खाली घालून चादर आपटायला घेतली.

दुपारी लंकाबाई गच्चीतून खाली गेल्या. परसात कुणी नव्हतं. सरिता भिंतीपाशी गेली. खरी माफी मागायची तर आधी जरा सराव करावा, असं तिच्या मनात आलं. स्वतःचंच हसू आलं तिला, पण ती बोलली.

“भाऊ, मी तुम्हाला नको ते बोलले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. तुम्ही उलट मलाच चुकलं म्हणालात, ते तर फारच लागलं बघा. मला माफ करा.”

जास्वंदीवर अंगठ्याएवढा शिंजीर येऊन बसला. काळा, उन्हात जांभळा झळकणारा. तो उडाला आणि थेट टोपीवर बसला. मग मांडीवर उतरला, आणि उन्हात चमकणाऱ्या त्या काळ्या कॅमेऱ्याच्या तोंडावर चोच मारायला लागला. हिरवा शर्ट हलला नाही.

सरिताने श्वास रोखला. झाली की सवय! त्याला हे सांगायलाच हवं होतं. माफी मागायला याहून चांगलं निमित्त कुठलं मिळणार?

तिने शेवयांची खीर केली, वाटी पदराखाली झाकली आणि गल्लीतून वळसा घालून सोमनाथच्या पुढच्या फाटकाशी आली. कितीतरी वेळाने तिला मोकळं वाटत होतं.

“भाऊ, आहात का? चला लवकर, तुमचं पाखरू आलंय!”

घराचं दार उघडंच होतं. तिने फाटक ढकललं आणि आत पाऊल टाकलं.

दारापुढच्या ओट्यावर जुनी चादर अंथरून त्यावर ओला पेंढा पसरला होता, आणि शेजारी गोणपाटाचं डोकं आणि काळा डबा उन्हात वाळत ठेवले होते.