समुद्रकाठचं भाडं

"भाडं पुन्हा वाढलंय गं, ताई," धाकटा फोनवर म्हणाला. "समुद्राकडे खिडकी असलेली खोली आता बाराशेच्या खाली मिळत नाही."

ताईने फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरला होता. मांडीवर एक राखाडी कोट पसरला होता. अस्तर फाटलेलं, बाह्या कोपरापर्यंत साबणाच्या पाण्याने विटलेल्या. लाँड्रीच्या मागच्या खोलीत दुरुस्तीचं शिवणकाम तिच्याकडे होतं. पुलापलीकडच्या शाखेत लोक कपडे टाकत. त्यांचा गठ्ठा सकाळी इथे येई आणि रफू, बटणं, अस्तर होऊन संध्याकाळी परत जाई. कपडे कुणाचे, हे तिला कधी कळत नसे. चिठ्ठीवर नाव नसे, नुसता नंबर, शाखा आणि एखादी सूचना.

"मागच्या महिन्यात नऊशे म्हणालास."

"मागचा महिना गेला. इथे सगळं पर्यटकांच्या तालावर चालतं. भाजी महाग, पाणीसुद्धा विकत. शिवाय ही खारी हवा. माझ्या फोनचा कॅमेरा खाल्ला तिने, तुझं मशीन काय सोडणार आहे? सहा महिन्यांत गंजेल."

"तेल घालीन."

"किती तेल घालशील?" तो हसला. हसू जरा जास्तच वेळ चाललं.

समोर तिची वही उघडी होती. डाव्या पानावर इथला खर्च, उजव्या पानावर तिथला. खोली, औषधं, बस, चहा. उजव्या पानाच्या तळाशी तिनेच हौसेनं लिहिलं होतं : सकाळी वाळूवर चालणं – फुकट.

ते वाचून तिचे कान तापले. पोरासोरांसारखं काय लिहिलं हे.

सात वर्षं तो म्हणत होता, "ये ना ताई, काठावर बसून नुसतं बघत राहा." सात वर्षं ती "बघू" म्हणत होती. गेल्या महिन्यात एकदाची "येते" म्हणाली, आणि तेव्हापासून तिथलं सगळंच महागलं.

लाँड्रीच्या मालकीणबाई इस्त्रीचे कपडे घेऊन दारात आल्या. बाराशे हा आकडा त्यांच्याही कानावर गेला होता. "भावाला म्हणावं, खोली सोड, होडी बघ. तिला खिडकी लागत नाही!"

ताई हसली नाही. सुई बोटात शिरली. सकाळपासून तिसऱ्यांदा.

कालच तिने महिनाअखेर काम सोडत असल्याचं मालकीणबाईंना सांगितलं होतं. दूधवाल्याला सांगितलं होतं, शेजारणीला तर दोनदा. सांगायची खोडच होती तिला. "माझा भाऊ परदेशात असतो, समुद्रकाठी," हे ऐकवल्याशिवाय तिने गल्लीत कुणाला पुढे जाऊ दिलं नव्हतं.

तो जाऊन दोनच महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. एका दुपारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला. "ताई, इथे काही जमत नाहीये. परत येऊ का?"

ती पटकन बोलून गेली होती, "आता कुठल्या तोंडाने येतोस? मी सगळ्यांना सांगून बसलेय!"

पुढच्याच आठवड्यात त्याने कळवलं, काम मिळालं, खोली मिळाली, खिडकीतून समुद्र दिसतो. परत यायचं नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही. त्या एका वाक्याची तिला इतक्या वर्षांत फारशी आठवण झाली नव्हती. आज सकाळपासून मात्र ते सुईसारखं टोचत होतं.

"ताई? आहेस ना?"

"आहे." तिने दोरा ओढला. "मी शिवलेला कोट आहे का रे अजून? की टाकलास?"

"टाकीन कसा? अंगातच आहे की आत्ता! वारा काय सुटलाय इथे. लाटा ऐकू येतात का तुला?"

तिने कान दिला. पलीकडे पाणी जोरात पडत होतं, मधेच थांबत होतं, पुन्हा पडत होतं.

"येतात," ती म्हणाली. "छान ऐकू येतात."

मग तिने वही मिटली.

"मी येत नाही रे. बाराशे फार होतात. आणि खारी हवा या वयात मला कुठली मानवायला?"

पलीकडे सुटलेला श्वास तिला स्पष्ट ऐकू आला.

"नक्की ना? वाईट नाही ना वाटलं तुला?"

"वाईट कसलं? लाजच वाटतेय माझी मला. उगाच तुझ्या जिवाला घोर लावला." तिने दोऱ्याला गाठ मारली. "आणि हे बघ, कधी परत यावंसं वाटलं तर ये. कुठल्याही तोंडाने ये. मी कुणाला काही सांगणार नाही."

पाणी थांबलं.

"ठेवतो, ताई," शेवटी तो म्हणाला. "काम आहे."

मालकीणबाई अजून दारातच होत्या. "काय गं, काल तर पंख फुटले होते तुला! आज काय झालं?"

"हिशोब जमला नाही," ताई म्हणाली आणि मान खाली घालून कोट उलटा केला. कॉलरच्या आत, परक्या लोकांच्या कोटांत हरवू नये म्हणून सात वर्षांपूर्वी तिनेच घातलेले पाच तांबडे टाके विटून गुलाबी झाले होते, पण पाचही जागेवर होते. त्यांना धक्का न लावता तिने नवं अस्तर शिवलं आणि सकाळी आली होती तशी चिठ्ठी पुन्हा टाचली : शाखा पुलापलीकडची. घाईचं. गिऱ्हाईक उद्या सकाळी स्वतः येऊन नेणार.