पिसांचा बर्फ

"रड ना गं, माझे बाई!" टपेनसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. आयव्ही काही रडेना.

स्टुडिओच्या काचेच्या छताखाली ऑगस्टचं ऊन तापलं होतं. आठ वर्षांच्या आयव्हीच्या अंगावर फाटकी लोकरीची शाल होती, पाय उघडे होते आणि डोक्यावर नाताळचा बर्फ पडत होता. बर्फ म्हणजे बदकांची पिसं. शिडीवरचा माणूस ती पोत्यातून मुठीमुठीने सोडत होता. पिसं पडत होती, घामाला चिकटत होती.

"साहेब, ही गारठून मरायला टेकलेली पोर वाटत नाही," कॅमेऱ्याचं हँडल धरून विकेन्स म्हणाला. "अर्धी सोललेली कोंबडी वाटते!"

सगळे हसले. आयव्हीही हसली. साहेब तेवढे हसले नाहीत. आठ मिनिटांचं मुकं चलचित्र. डिसेंबरात गावोगाव दाखवायचं, तर आज संपायलाच हवं होतं. समुद्रावरून ढग निघाले होते. ऊन गेलं की काम गेलं. आता एकच प्रसंग उरला होता. श्रीमंताच्या खिडकीबाहेर, बर्फात बसून पोरीने रडायचं. मग दर्यावर गेलेला बाप परत येतो, तिला उचलतो. बाप झालेला नट नकली दाढी लावून खुर्चीत घोरत होता.

आयव्ही पिसं फुंकत गुणगुणायला लागली.

वारा वाहे दूरदेशी,
बाबा येती दिव्यापाशी.

रोज निजताना आई हे म्हणायची. काल रात्री ती पहिल्या ओळीवरच थांबली. दुसरी मग आयव्हीनेच म्हणून टाकली होती.

आई, हेस्टर, भिंतीला टेकून उभी होती. तिचा एक हात सकाळपासून एप्रनच्या खिशात होता.

साहेब तिच्या कानाशी आले. "मिसेस पेलिंग, मागच्या खेपेसारखं करू. तेव्हा मांजर मेलं म्हणालो, आता बाप मेला म्हणतो. बोटीवर आहे ना तो? लांब आहे, पोरीला खरं वाटेल. दोन मिनिटं रडेल, मग देऊ एक संत्रं."

"नको साहेब. दुसरं काहीही सांगा. ते नको."

"मग घेऊन जा घरी." साहेबांनी दाराकडे बोट केलं. तिथे दुसरी एक बाई आपल्या पोरीची वेणी सारखी करत बसली होती. "तिची पोर नुसतं डोळे वटारले तरी रडते म्हणे."

हेस्टरने त्या वेणीकडे बघून नजर खाली वळवली. साहेबांनी तो होकार धरला.

मांजराच्या वेळी आयव्ही घरी पोहोचेपर्यंत हुंदके देत होती. मांजर कुंपणावर अंग चाटत बसलं होतं. त्या रात्री हेस्टरने लेकीला कुशीत घेऊन सांगितलं होतं, "पुन्हा साहेब असलं काही बोलले, तर माझ्याकडे बघायचं. मी मान हलवली की समज, थट्टा आहे. मग वरवर रडायचं. पोटातून नाही."

विकेन्सने हँडल फिरवायला घेतलं. साहेब गुडघ्यावर बसले, पडेल आवाजात म्हणाले, "आयव्ही, बेटा, वाईट बातमी आहे. तुझे बाबा बुडाले. बोटीसकट."

आयव्ही खुदकन हसली. आणि तिने आईकडे बघितलं.

पिसं पडत होती. हँडल करकरत होतं. हेस्टरचे ओठ हलले. मान काही हलली नाही.

आयव्ही बघतच राहिली. तिचं हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे मोठे झाले. मग तिच्या तोंडून जे निघालं, ते ऐकून शिडीवरचा माणूस पिसं सोडायची विसरला.

"बर्फ! अरे, बर्फ टाक!" साहेब ओरडले. "बाप कुठाय? बाप पाठवा!"

नट दचकून उठला. दाढी चाचपत, हात पसरून धावला आणि त्याने पोरीला उचलून छातीशी धरलं. ती त्याच्या हातात लाकडासारखी ताठ होती.

"बास! काय रडली पोर! नाताळात अख्खं गाव रडेल." साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "संत्रं आणा रे! आणि बाई, आता सांगा तिला, थट्टा होती म्हणून."

हेस्टर पिसांतून चालत लेकीपाशी गेली. तिला घ्यायला दोन्ही हात लागणार होते, म्हणून सकाळपासून पहिल्यांदाच तिने तो हात खिशातून बाहेर काढला. मुठीत काल संध्याकाळी आलेली तार होती, घामाने भिजून मऊ झालेली.